कॅटचा दुसरा अटेम्प्ट: शब्दांची यादी मिटा, वाक्याचा कणा धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दहावीपर्यंतचं शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून, पुढे बेळगावात इंजिनिअरिंग, आता उद्यमबागमधल्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात नोकरी. मागच्या कॅटमध्ये, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेत, गणितात ९३ पर्सेंटाइल, डेटा-लॉजिकमध्ये ८६ आणि व्हर्बलमध्ये (इंग्रजी आकलनात) ५८. यंदा पुन्हा बसायचंय. जुलै ते नोव्हेंबर असे साधारण वीस आठवडे हातात आहेत आणि रोज दीड तास निघतो. "तीन हजार शब्दांची यादी पाठ करतोय, इंग्रजी पेपर रोज वाचतोय, तरी मॉकचे (सराव परीक्षेचे) मार्क जागचे हलत नाहीत. इंग्रजी माध्यम नसल्याचा तोटा भरून निघेल का?"

निघेल की. पण त्या यादीने नाही. कॅटच्या व्हर्बलमध्ये समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे थेट प्रश्न गेली बरीच वर्षं आलेले नाहीत. विभागाची चौकट २०२१ पासून ठरलेली आहे: ४० मिनिटं, २४ प्रश्न. त्यातले १६ चार उताऱ्यांवर. उरलेल्या ८ मध्ये विस्कटलेली वाक्यं लावणं, न बसणारं वाक्य ओळखणं, सारांश निवडणं, दिलेल्या वाक्याची जागा शोधणं हे प्रकार येतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण दरवर्षी थोडं हलतं. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलेल्या पर्यायाला वजा १, आणि टाइप करायचं उत्तर चुकलं तर काही कापत नाहीत. ७२ पैकी ४८ गुण उताऱ्यांवर आहेत. गणितात कितीही वर गेलात तरी बऱ्याच आयआयएममध्ये विभागवार कटऑफ असतो, म्हणून ५८ झाकून नेता येत नाही.

आधी दुखणं कुठलं ते बघा. सगळ्यांना एकच औषध चालत नाही. तुम्ही न सोडवलेला एखादा जुना स्लॉट, म्हणजे एका सत्राचा पेपर, घ्या आणि ४० मिनिटं लावून व्हर्बल सोडवा. उत्तरं तपासू नका. दुसऱ्या दिवशी त्याच १६ उतारा-प्रश्नांना वेळ न लावता, हवं तितकं परत वाचून, नव्याने उत्तरं द्या. मग दोन्ही खेपा एकदम तपासा. पहिल्या खेपेला ७ बरोबर आणि दुसऱ्या खेपेला १३ असतील, तर तुम्हाला कळतं पण घाईत निसटतं. ७ चे जेमतेम ८ झाले, तर वाचनातच गळती होते आहे आणि घड्याळाचा त्यात दोष नाही. अशा वेळी वेगाने वाचायच्या युक्त्या शिकणं म्हणजे साचा वाकडा असताना ओतण्याचा वेग वाढवणं. मराठी माध्यमातून येऊन ५८ च्या आसपास अडकलेल्या मुलांचं दुखणं बहुतेक वेळा हे दुसरंच असतं, म्हणून पुढचं बरंचसं त्याच्यासाठी लिहितो आहे.

गळती नेमकी कुठे होते? मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. नामाबद्दल जे सांगायचं ते आपण नामाच्या आधी सांगतो, किंवा 'जो... तो' करून दोन तुकड्यांत मांडतो. कन्नडही क्रियापद शेवटीच ठेवते, त्यामुळे घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याच्या कानाला तीच सवय दुहेरी लागलेली असते. इंग्रजी उलटी चालते. कर्ता आधी येतो, मग त्याच्या मागे शेपटासारखी पोटवाक्यं लटकतात आणि मुख्य क्रियापद कधीकधी दीड ओळ लांब जातं. तोवर आपण मधल्या तुकड्याचं मनात भाषांतर करून मोकळे झालेलो असतो, आणि नेमका तो तुकडाच लेखकाचं मत म्हणून डोक्यात बसतो.

हे एका वाक्यावर बघू. इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहितो आहे, मोठ्याने वाचा:

"द क्लेम दॅट टूरिझम रिव्हाइव्ज डाइंग क्राफ्ट्स, ऑफन रिपीटेड बाय ऑफिशल्स हू हॅव नेव्हर वॉच्ड अ वीव्हर ॲट वर्क, इज ॲट बेस्ट हाफ ट्रू."

भाषांतर करत जाणाऱ्याच्या हाती काय लागतं? 'पर्यटनामुळे मरणाऱ्या कला जगतात, अधिकारी असं म्हणतात, विणकर...' आणि पुढे वाक्य संपतं. प्रश्न आला की तो टिक करतो: लेखकाच्या मते पर्यटन हस्तकलांना तारतं. आता कणा काढा: "द क्लेम... इज... हाफ ट्रू." दावा अर्धाच खरा. मधलं सगळं फक्त दावा कोणता आणि तो कोण करतं एवढंच सांगतं. त्यातही 'विणकराला काम करताना कधी पाहिलंच नाही असे अधिकारी' हा लेखकाचा टोमणा आहे. शहापूर-वडगावच्या मागावरच्या माणसाने हे वाक्य मराठीत असं म्हटलं असतं: "पर्यटनाने कला जगते म्हणतात, पण माग कसा चालतो ते न बघितलेल्यांचं ते बोलणं, निम्मंच खरं." तीच माहिती, पण निकाल कुठे लागतो ते लगेच कळतं.

पहिले चार आठवडे हाच व्यायाम. रोज एका उताऱ्यातली दहा लांब वाक्यं निवडा, पंचवीसहून जास्त शब्दांची. प्रत्येकात मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधून वहीत तेवढंच लिहा. मग बोली मराठीत एका दमात तो मुद्दा म्हणा, शब्दाला शब्द न लावता. मोठ्याने म्हणा, मनात नको. मनात म्हटलं की आपण आपल्यालाच फसवतो. दहा वाक्यांना पहिल्या आठवड्यात चाळीस मिनिटं लागतील, चौथ्या आठवड्यात पंधरा. या काळात मॉक देऊ नका. मॉकने मोजमाप होतं, त्यातून वाचायची सवय बदलत नाही.

या व्यायामात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, 'दॅट', 'विच', 'हू' यांच्यामागे आलेलं पहिलं क्रियापद मुख्य समजलं जातं. वरच्या वाक्यात 'रिव्हाइव्ज' तसंच फसवतं. असा शब्द दिसला की त्याचं क्रियापद त्याला देऊन टाका आणि पुढचं शोधा. दोन, 'रिपीटेड'सारखं रूप भूतकाळी क्रियापद वाटतं, प्रत्यक्षात ते विशेषणाचं काम करत असतं. वाक्याचं मुख्य क्रियापद ते नाही, अधिकाऱ्यांकडून 'वारंवार सांगितला जाणारा' दावा एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत विचार करणं वाईट, इंग्रजीतच विचार करा, असा सल्ला क्लासमध्ये सर्रास मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. शब्दशः भाषांतर वाईट, हे कबूल. पण संपूर्ण परिच्छेद वाचून त्याचा मुद्दा स्वतःच्या भाषेत सांगता येणं ही समजल्याची सगळ्यात कडक परीक्षा आहे. इंग्रजीत सारांश सांगताना उताऱ्यातलेच शब्द इकडचे तिकडे करता येतात. मराठीत ती पळवाट बंद होते.

पाचव्या आठवड्यापासून वाक्यावरून परिच्छेदावर या. उतारा साधारण साडेचारशे ते साडेपाचशे शब्दांचा असतो. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून आठ शब्दांच्या आत मराठी टीप लिहा. टिपेत विषय लिहायचा नाही, लेखक तिथे काय करतोय ते लिहायचं. 'बाजाराबद्दल' ही टीप निकामी आहे. 'लोकांचं मत सांगतो, अजून खोडलं नाही' ही कामाची. उदाहरण देतो, सवलत देतो, शंका घेतो, व्याख्या बदलतो, स्वतःचा निष्कर्ष मांडतो. ही पाच-सहा क्रियापदं पुरतात.

पर्यायांची गंमत भाषेवर अवलंबून नाही, म्हणून मुद्दाम मराठीतच एक छोटा उतारा रचला आहे:

"आठवडी बाजार संपत चालले, असं म्हणताना आपण बहुधा पालं मोजतो. पण बाजार म्हणजे नुसती विक्रीची जागा नव्हती. भावाची बातमी गावोगाव पोचवणारी ती व्यवस्थाही होती. बातमीचं काम मोबाईलने काढून घेतलं, हे खरं. तरी जो माल हाताळून बघावा लागतो, म्हणजे बैल, मिरची, बियाणं, त्याचा बाजार टिकून आहे. तेव्हा बाजार मरतोय म्हणण्यापेक्षा त्याच्या अनेक कामांपैकी काही कामं दुसरीकडे गेली, असं म्हणणं जास्त रास्त."

लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता? (अ) मोबाईलमुळे आठवडी बाजार संपत चालले आहेत. (आ) आठवडी बाजार आजही पूर्वीइतकेच महत्त्वाचे आहेत. (इ) बाजाराची काही कामं गेली, काही राहिली, म्हणून 'संपला' हे वर्णन नेमकं नाही. (ई) माल हाताळून बघता येणं हे बाजाराचं बलस्थान आहे.

मराठीत तुम्ही (इ) सहज निवडलात. इंग्रजीत हाच माणूस (ई) निवडतो, कारण 'हाताळून बघणं' ही गोष्ट उताऱ्यात डोळ्यांनी दिसते आणि पर्यायात पुन्हा भेटते. (ई) खोटा नाही, फक्त तो एक तुकडा आहे. (अ) हे लेखक ज्याला उत्तर देतोय ते मत. (आ) मध्ये 'पूर्वीइतकेच' हा शब्द लेखकाने कधी म्हटलेलाच नाही. चुकीचे पर्याय बहुतेक याच घरातले असतात: उलटा, तुकडा, फुगवलेला. चौथा प्रकार म्हणजे बाहेरचा, जो जगात खरा असतो पण उताऱ्यात नसतो. आपल्याला विषयाची माहिती असली की हा बाहेरचा पर्याय जास्त गोड लागतो. साखर, ऊस, धरण, सीमा असल्या विषयावर उतारा आला तर या भागातल्या माणसाने दुप्पट सावध राहावं.

आता चुकांची वही. तुम्ही क्वालिटीत आहात, तेव्हा हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको. कास्टिंग रिजेक्ट झालं की नुसतं 'खराब' लिहून कुणी सोडत नाही. ब्लोहोल (वायूने पडलेलं भोक) आहे, श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी) आहे की कोल्ड शट (धातू नीट न जुळल्याची फट), ते लिहितात, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा. ब्लोहोल असेल तर वाळूतली ओल आणि गॅस बाहेर पडायची वाट बघतात, कोल्ड शट असेल तर धातूचं तापमान. व्हर्बलच्या वहीत मात्र हीच मुलं 'सिली मिस्टेक' असा एकच शेरा मारतात. तो शेरा बंद करा. प्रत्येक चुकलेल्या आणि अंदाजाने बरोबर आलेल्या प्रश्नापुढे चार गोष्टी लिहा: मी निवडलेला पर्याय वरच्या चारपैकी कुठल्या घरातला, उताऱ्यातलं कुठलं वाक्य त्याला खोडतं, ते वाक्य मी वाचलंच नव्हतं, वाचून उलटं समजलो की समजून विसरलो, आणि बरोबर पर्याय मी का सोडला. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. बरोबर पर्याय बऱ्याचदा 'फार साधा' किंवा 'फार मिळमिळीत' वाटला म्हणून सुटलेला असतो. असे चाळीसेक प्रश्न नोंदवले की एक-दोन घरं भरलेली दिसतात आणि बाकीची रिकामी. मग सराव त्या भरलेल्या घरांचाच करायचा.

बारीक शब्दांकडे वळू, कारण माझ्या मते मराठी वाचकाचे सगळ्यात जास्त गुण इथे सांडतात. मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे 'अ' आणि 'द' यांवरून आपली नजर घसरते. वाक्यं लावायच्या प्रश्नात तर तीच सगळ्यात पक्की खूण असते. एका वाक्यात "अ डॅम वॉज बिल्ट अक्रॉस द रिव्हर" आहे आणि दुसऱ्यात "द डॅम, हाउएव्हर, डिड नॉट सॉल्व्ह द प्रॉब्लेम." 'अ डॅम' ही पहिली ओळख, 'द डॅम' म्हणजे ओळख झालेली. शिवाय दुसऱ्या वाक्यातला 'द प्रॉब्लेम' सांगतो की कुठली तरी अडचण याआधी येऊन गेली आहे. म्हणजे अडचणीचं वाक्य, मग धरण बांधल्याचं, मग हे. तीन वाक्यांचा क्रम दोन आर्टिकलांनी लावून दिला. पुढे 'दीज फार्मर्स' दिसलं तर शेतकरी त्याआधी येऊन गेलेले असणारच.

'फ्यू क्रिटिक्स ॲग्री' म्हणजे समीक्षक जवळजवळ सहमत नाहीतच. 'अ फ्यू क्रिटिक्स ॲग्री' म्हणजे काहीजण सहमत आहेत. एका 'अ'ने अर्थ उलटतो. 'हार्डली', 'सेल्डम', 'बेअरली' यांत 'नॉट' दिसत नाही, पण नकार असतो. 'मे', 'कॅन', 'टेंड्स टू' हे शब्द दावा सौम्य करतात, आणि पर्यायात त्यांच्या जागी 'मस्ट' किंवा 'ऑल्वेज' आलं की तो फुगवलेला पर्याय. 'ओन्ली' कुठे बसलाय ते बघा. आपला 'च' जसा ज्या शब्दाला चिकटतो त्यालाच आवळतो, तसंच. आठवडाभर एक वेगळ्या रंगाचं पेन ठेवा आणि छापील उताऱ्यात फक्त या शब्दांना गोल करा. परीक्षेत स्क्रीनवर खुणा करायची सोय नसते, म्हणून सवय डोळ्यालाच लावून घ्यायची.

वाक्यं लावताना पहिलं वाक्य कुठलं यावर दोन-दोन मिनिटं घालवू नका. पक्क्या जोड्या शोधा. दोन जोड्या सापडल्या की चार वाक्यांचा प्रश्न जवळपास सुटतो. पाचांतलं वेगळं वाक्य शोधताना विषय सगळ्यांचा सारखाच दिसतो. तिथे चार वाक्यांची साखळी जमते का बघा आणि जे कुठल्याच कडीत बसत नाही ते बाहेर काढा. या प्रश्नांत उत्तर टाइप करायचं असेल तर वजा गुण नाहीत, तेव्हा रिकामं सोडू नका. सारांशाच्या प्रश्नाला वरचीच चार घरं लावा. तिथे 'तुकडा' हा पर्याय हटकून असतो.

शब्दसंग्रह अगदीच सोडा असं नाही. रोज पाच-सहा शब्द, पण उताऱ्यात अडलेले आणि त्या वाक्यासकट लिहिलेले. वस्तूंची नावं सोडून द्या. उताऱ्यात कुठला तरी पक्षी किंवा रसायन असेल, त्याचं नाव कळलं नाही म्हणून काही बिघडत नाही. लेखकाचा कल दाखवणारे शब्द मात्र पक्के हवेत: 'ऑस्टेन्सिबली' म्हणजे वरवर पाहता, 'परपोर्टेड' म्हणजे म्हणवला जाणारा, 'टेन्युअस' म्हणजे तकलादू, 'कन्फ्लेट' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करणं, 'ॲम्बिव्हॅलंट' म्हणजे दोन्हीकडे ओढलेला. असे दीडशे-दोनशे शब्द पुरेत. आणि ओळखीच्या शब्दांपासून जपा, ते अनोळखी शब्दांपेक्षा जास्त मारतात. आपल्याकडे 'क्वालिफाइड' म्हणजे शिकलेला. उताऱ्यात 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे अटी घालून दिलेला पाठिंबा. वर्गात 'सर, डाउट आहे' म्हणजे विचारायचं आहे. उताऱ्यात 'डाउट' म्हणजे अविश्वास. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि दुसऱ्या जागी निर्बंध. 'ॲरेस्ट' म्हणजे अटक, पण 'ॲरेस्ट द डिक्लाइन' म्हणजे घसरण थोपवणं.

काय वाचायचं? रोजच्या इंग्रजी पेपरातल्या बातम्यांचा इथे फारसा उपयोग नाही. बातमीत घटना असते, युक्तिवाद नसतो. अग्रलेखाच्या पानावरचे दोन लेख पुरेत, ते कन्नड-मराठी वादावरचे असले तरी चालतील, उलट स्वतःच्या रागावर ताबा ठेवून लेखकाचा मुद्दा सांगता येतो का ते तपासायला बरे. कॅटचे उतारे मानववंशशास्त्र, शहरं, भाषा, पर्यावरण, अर्थकारण, कलेचा इतिहास अशा विषयांवर असतात. ईऑन, द कॉन्व्हर्सेशन, द गार्डियनचे दीर्घ लेख, स्मिथसोनियन हे नेटवर मोफत मिळतं. आठवड्याला पाच लेख, प्रत्येक वेगळ्या विषयावर, आणि त्यातले दोन तरी तुम्हाला कंटाळवाणे वाटणाऱ्या विषयावरचे. इंजिनिअर मंडळी तंत्रज्ञानावरचे लेख वाचून खूश राहतात आणि परीक्षेत पहिलाच उतारा सौंदर्यशास्त्रावर आला की हातपाय गाळतात. मोबाईलवर वाचू नका. परीक्षा डेस्कटॉपवर आहे, डावीकडे उतारा आणि उजवीकडे प्रश्न. घरात कॉम्प्युटर नसेल तर कॉलेजच्या किंवा वाचनालयातल्या मशीनवर आठवड्यातून दोनदा तरी बसा.

सरावाचं खरं सोनं जुन्या पेपरांत आहे. २०१७ ते २०२४ या आठ वर्षांत पहिली तीन वर्षं दोन-दोन स्लॉट आणि पुढची पाच वर्षं तीन-तीन, म्हणजे २१ स्लॉट झाले. पहिल्या तीन वर्षांत पेपरला पाच उतारे होते, २०२० पासून चार. सगळे मिळून ९० च्या आसपास उतारे होतात. क्लासच्या मॉकमधले पर्याय अनेकदा ओढूनताणून अवघड केलेले असतात आणि त्यांची उत्तरंही कधीकधी वादग्रस्त असतात. खऱ्या पेपराची धार वेगळी. हे नव्वद उतारे एका महिन्यात उधळू नका. पाचव्या ते बाराव्या आठवड्यात जुन्या वर्षांचे आठवड्याला सहा, पुढच्या आठवड्यांत तीन-चार, आणि २०२३-२४ चे सहा स्लॉट शेवटच्या महिन्यासाठी बाजूला काढून ठेवा. गेल्या वर्षी सोडवलेले उतारे परत सोडवून मार्क मोजू नका. पुन्हा बसणाऱ्यांची ही नेहमीची फसगत आहे: उत्तर आठवतं, आपल्याला वाटतं सुधारलो.

तेराव्या आठवड्यापासून मॉक. आठवड्याला एक, शेवटच्या पाच आठवड्यांत आठवड्याला दोन. व्हर्बलच्या ४० मिनिटांना तपासणीची किमान ९० मिनिटं द्या. तेवढा वेळ नसेल तर मॉक कमी करा, तपासणी नको.

वेळेचा हिशेब कागदावर मांडा. एका उताऱ्याला वाचायला तीन ते साडेतीन मिनिटं आणि चार प्रश्नांना पाच, म्हणजे साडेआठ. चार उताऱ्यांना ३४ मिनिटं जातात, मग बाकीच्या आठ प्रश्नांना सहाच उरतात. म्हणून तुमच्या पातळीवरून सुरुवात करणाऱ्याने तीन उतारे नीट करावेत: साधारण २६ मिनिटं. उरलेल्या १४ पैकी दहा-बारा मिनिटं इतर आठ प्रश्नांना, आणि वेळ राहिला तर चौथ्या उताऱ्यातला एखादा सोपा प्रश्न. आकडे बघा. चारही उतारे धावत करून १६ पैकी ८ बरोबर, ८ चूक: २४ वजा ८, म्हणजे १६ गुण. तीनच उतारे करून १२ पैकी ९ बरोबर, ३ चूक: २७ वजा ३, म्हणजे २४. कमी सोडवून दीडपट.

सोडायचा उतारा कुठला, हे विषय बघून ठरवू नका. पहिल्या दोन मिनिटांत चारही उताऱ्यांचा पहिला परिच्छेद चाळा. ज्याचा कणा पहिल्या वाचनात हाती येत नाही, तो शेवटी. अंदाज मारायचा की नाही याचंही गणित सोपं आहे. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरी फायदा शून्य, उगाच वेळ जातो. एक पर्याय खात्रीने कटला तर सरासरी एक तृतीयांश गुण हाती येतो, दोन कटले तर पूर्ण एक. दोन उरले असताना प्रश्न सोडणं म्हणजे पैसे टाकून येणं.

कॅटऐवजी जीमॅट, म्हणजे एमबीए प्रवेशाची आंतरराष्ट्रीय परीक्षा, द्यायची असेल तर थोडं वेगळं आहे. नव्या रचनेत व्हर्बलला ४५ मिनिटांत २३ प्रश्न असतात, उतारे आणि युक्तिवाद हे दोनच प्रकार, व्याकरणाची वाक्यदुरुस्ती काढून टाकली आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकातला तो भाग सोडा. विभागाच्या शेवटी तीन उत्तरांपर्यंत बदल करता येतो आणि पुन्हा बसायला किमान १६ दिवसांचं अंतर लागतं. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, त्यातले ५० इंग्रजीचे आणि वजा गुण नाहीत. तिथे शब्दार्थ आणि व्याकरण विचारतात, तेव्हा ती तीन हजारांची यादी कॅट झाल्यावर तिकडे थोडी कामाला येईल. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमावलीत वेगळा प्रकार असतो, त्याचे निकष आणि कागदपत्रं माहितीपुस्तिकेतून आधीच बघून ठेवा. दाखले गोळा करायला वेळ लागतो.

शेवटचं, शिफ्टबद्दल. प्रवेशपत्रावर स्लॉट कळला की त्याच वेळेला मॉक द्यायला लागा. सकाळचा स्लॉट साडेआठला सुरू होतो आणि व्हर्बल हाच पहिला विभाग असतो, म्हणजे डोकं थंड असताना सगळ्यात अवघड काम. परीक्षेआधीच्या दहा दिवसांत रात्रपाळी टाळता आली तर सुपरवायझरशी आत्ताच बोलून ठेवा, नोव्हेंबरात सुट्ट्यांची गर्दी असते. खानापूरहून पहाटे निघण्यापेक्षा आदल्या रात्री केंद्राच्या गावी पाहुण्यांकडे मुक्काम बरा. आणि सकाळी निघण्याआधी आधीच सोडवलेला एक उतारा शांतपणे वाचा, फक्त टिपा म्हणत, प्रश्न न बघता. नवा उतारा नको. तो चुकला तर तेच डोक्यात घेऊन हॉलमध्ये जाल.